ग्लिकचा पेपर आणि त्याचे वाचक

कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठा जिथून बाहेर पडते त्याच्या जरा वर, आतल्या बाजूला एक छोटी पिशवी असते. पोल्ट्रीवाले तिला बर्सा म्हणतात. विट्याकडे आमच्या घरात लेयरचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा धंदा, त्यामुळे हा शब्द मला इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, हा शब्द कळायच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली आणि अचानक मरतूक वाढली की डॉक्टरांना फोन जायचा, ते शेडच्या बाहेर मेलेला पक्षी उघडून बघायचे आणि काका शेजारी उकिडवे बसून पहिला प्रश्न तोच विचारायचे, "बर्सा सुजलाय का बघा." सुजलेला, पिवळट, कधी आतून रक्ताळलेला बर्सा दिसला की समजायचं गंबोरो हा पिल्लांचा रोग आलाय, आणि मग पुढचे काही दिवस घरात कुणी धड जेवायचं नाही.

पुढे पुण्यात एमएस्सीला आले तेव्हा पुस्तकात वाचलं की आपल्या शरीरात अँटीबॉडी बनवणाऱ्या ज्या बी सेल असतात त्यातला बी हा या बर्सावरून आलाय. मला इतका आनंद झाला होता ना तेव्हा, की संध्याकाळी घरी फोन करून काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माणसाला पण बर्सा असतो का?" आता हा प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नावर मोठमोठ्या लॅब जवळजवळ दहा वर्षं झगडल्यात, ते पुढे सांगतेच.

पुस्तकात त्या शोधाला एकच ओळ होती. ब्रूस ग्लिक, १९५६. मूळ पेपर शोधून काढला तर जर्नलचं नाव पोल्ट्री सायन्स. नेचर नाही, लॅन्सेट नाही, कोंबड्यांचं खाद्य, अंड्यांचं कवच, पिल्लांची वाढ असल्या विषयांचं जर्नल. लेखक तीन, ग्लिक, चँग आणि जॅप. मी आता स्वतः पक्ष्यांच्या लसींवरच काम करते आणि मधूनमधून हा पेपर काढून वाचते. त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण आता लिहितेय त्याला निमित्त प्रमोशनच्या फाइलचं आहे. ती फाइल भरताना प्रत्येक पेपरपुढे जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, सायटेशन, म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, किती, एकूण एच-इंडेक्स किती असे रकाने असतात. ते भरता भरता मला सारखा ग्लिक आठवत होता. या रकान्यांत त्याचं काम कसं दिसलं असतं, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

आधी गोष्ट सांगते, कारण ती मुळातच फार चांगली आहे.

फॅब्रिशियस हा इटलीतल्या पाडुआचा शरीररचनेचा पंडित, रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वीचा गुरू. त्याने या पिशवीचं वर्णन केलं, ते छापून आलं १६२१ साली, तो गेल्यावर दोन वर्षांनी. त्याचा अंदाज होता की कोंबड्याचं वीर्य इथे साठवलं जात असेल. अंदाज चुकला पण नाव राहिलं, बर्सा ऑफ फॅब्रिशियस. आणि त्यानंतर तीनशेहून जास्त वर्षं ही पिशवी नक्की करते काय हे कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. लोकांनी ती काढूनही बघितली होती, पक्षी आपला मजेत जगायचा.

मग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एक प्रोफेसर हंस फाडून विद्यार्थ्यांना दाखवत होते, त्यांच्या हातात ही पिशवी आली आणि ग्लिक या तरुण विद्यार्थ्याने विचारलं की हे काय आहे आणि याचं काम काय. प्रोफेसर म्हणाले, चांगला प्रश्न आहे, तूच शोध. मला या उत्तराचं फार कौतुक वाटतं. मला माहीत नाही हे वर्गासमोर सांगणारे आणि वर तो प्रश्न विद्यार्थ्याच्याच हाती देणारे शिक्षक किती असतात?

ग्लिकने काय केलं, तर घाई केली नाही. आधी पिशवी वाढते कशी ते मोजलं. त्याला दिसलं की पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत बर्सा सगळ्यात झपाट्याने वाढतो, आणि पक्षी वयात येतो तसा तो आक्रसत जातो. म्हणजे याचं जे काही काम असेल ते लहानपणीच होत असणार, आणि काढायचाच तर तेव्हाच काढायला हवा. माझ्या मते या सगळ्या शोधातली खरी अक्कल इथे आहे. आधीच्या लोकांनी मोठ्या पक्ष्यात काढला म्हणून त्यांना काही दिसलं नाही, तोवर त्याचं काम आटोपलेलं असायचं. आमच्याकडे शेडवर पण पिल्लांचे पहिले तीन आठवडे सांभाळले की पुढचं निम्मं टेन्शन गेलं असं म्हणतात, अर्थात ते वेगळ्या कारणांसाठी.

बरं, लहानपणी बर्सा काढूनही वरवर काहीच झालं नाही. पिल्लं वाढली, धडधाकट दिसत होती, ग्लिकला उत्तर मिळालं नव्हतं. पक्षी तसेच पिंजऱ्यात होते. मग टिमोथी चँग या त्याच्या सोबतच्या विद्यार्थ्याला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. अगदी नेहमीचं, कोंबडीला साल्मोनेला या जंतूचं इंजेक्शन द्यायचं, काही दिवसांनी रक्त काढायचं, आणि सीरममध्ये जंतू मिसळले की अँटीबॉडीमुळे गुठळ्या कशा होतात ते दाखवायचं. त्याच्याकडे पक्षी कमी होते म्हणून त्याने ग्लिकचे मागून घेतले. प्रात्यक्षिक फसलं. काही पक्षी मेले आणि जे जगले त्यातल्या बऱ्याच जणांत अँटीबॉडीच नाहीत. नोंदी तपासल्यावर कळलं की हे सगळे बर्सा काढलेले पक्षी. मग दोघांनी जास्त पक्षी घेऊन मुद्दाम प्रयोग परत केला आणि तेच दिसलं. बर्साशिवाय वाढलेल्या बहुतेक पक्ष्यांत अँटीबॉडी तयार होत नाहीत.

वर्गातलं प्रात्यक्षिक फसल्यावर पक्षी खराब होते, दुसरे आणा, असं म्हणून विषय सोडून देणं किती सोपं होतं. चँग थांबला आणि ग्लिककडे गेला. म्हणूनच त्याचं नाव त्या तीन नावांत आहे आणि ते तिथे असणं मला अतिशय न्याय्य वाटतं.

पेपर त्यांनी आधी सायन्स या मोठ्या जर्नलला पाठवला होता. तिथून परत आला. कारण असं की हे नक्की कसं घडतं, म्हणजे मेकॅनिझम काय, हे आधी जास्त उलगडायला हवं. मग तो पोल्ट्री सायन्समध्ये गेला आणि १९५६ मध्ये छापून आला.

इथे बहुतेक लोक गोष्ट थांबवतात आणि म्हणतात बघा, केवढा अन्याय, हिरा उकिरड्यात पडला. मला ते पटत नाही, आणि उकिरडा तर अजिबात पटत नाही. पोल्ट्री सायन्स हे त्या कामाचं हक्काचं घर होतं. कोंबडीच्या शरीराची ज्यांना रोज गरज पडते तेच लोक ते वाचायचे. हां, हे खरं की माणसांच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर ते जर्नल उघडत नव्हते, आणि त्यामुळे पेपर त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पण तो पोचला कसा ते बघण्यासारखं आहे, आणि मला जे म्हणायचंय ते सगळं त्या पोचण्यातच आहे.

पहिले वाचक विस्कॉन्सिनचे. तिथे हॅरॉल्ड वुल्फ यांचा गट कोंबडीच्या अँटीबॉडींवर आधीपासून काम करत होता, म्हणजे ज्याला हा पेपर दिसल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचं काहीतरी करता येईल असे लोक. त्याच युनिव्हर्सिटीत मेयर, राव आणि ॲस्पिनॉल यांनी १९५९ मध्ये दाखवलं की अंड्यात असतानाच टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन दिलं तर बर्सा तयारच होत नाही. म्हणजे आता सर्जरीची गरज नाही, कुणीही हा प्रयोग करू शकतो.

ही युक्ती मेलबर्नला गेली. तिथे वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये मॅकफार्लेन बर्नेट होते, १९६०चं नोबेल मिळालेले, त्यांच्याकडच्या वॉर्नर आणि झेनबर्ग यांनी हार्मोन दिलेली पिल्लं तपासली आणि १९६२च्या सुमारास मांडलं की शरीराच्या प्रतिकाराचे दोन वेगळे भाग असावेत, अँटीबॉडीचा भाग बर्साकडे आणि परक्या कातडीचा तुकडा झिडकारण्यासारखी कामं थायमस या ग्रंथीकडे. पण अडचण अशी होती की हार्मोनने थायमसलाही इजा व्हायची, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसत नव्हतं आणि शंका घ्यायला जागा राहिली होती.

थायमसचं म्हणाल तर त्याची वेगळीच गोष्ट. ती लंडनमध्ये जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडली, नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढला तर त्यांची प्रतिकारशक्ती कोलमडते म्हणून. इथेही वयच महत्त्वाचं निघालं, मोठ्या उंदरात काढला तर फारसं काही दिसत नव्हतं. आणि लॅन्सेटमध्ये छापून येऊनसुद्धा, १९६३ मध्ये पीटर मेडावार यांच्यासारखा नोबेल मिळालेला माणूस म्हणत होता की थायमसमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी असणं हा उत्क्रांतीतला एक किरकोळ अपघात आहे असंच आपल्याला पुढे वाटेल. म्हणजे मोठ्या जर्नलमध्ये छापून आलं की लोक लगेच मानतात असंही काही नाही.

आता मिनेसोटा. तिथे रॉबर्ट गुड यांच्या लॅबमध्ये मॅक्स कूपर नावाचा तरुण बालरोगतज्ज्ञ होता. हा मूळचा मिसिसिपीतल्या छोट्या गावातला, आणि ग्लिक तेव्हा मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोल्ट्री सायन्स डिपार्टमेंटात शिकवत होता, हा आपला एक योगायोग. कूपरसमोर आजारी मुलं होती. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाची केस छापली होती, ज्याला परत परत न्यूमोकॉकस या जंतूचं इन्फेक्शन व्हायचं आणि ज्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडीचा भाग, नव्हताच. अशी मुलं पुढे अनेक सापडली आणि त्यांच्यात एक विचित्र गोष्ट होती, अँटीबॉडी नाहीत तरी कांजिण्यांसारख्या बऱ्याच व्हायरसच्या आजारातून ती इतर मुलांसारखी बरी होत होती. मग हे कोण बरं करतंय?

कूपरला ती मुलं ग्लिकच्या कोंबड्यांसारखी दिसली असणार. त्याने कोंबड्यांवरचा प्रयोग परत केला पण एक भर घालून. त्याच्या लक्षात आलं की पिल्लू बाहेर येईपर्यंत बर्सातून आणि थायमसमधून काही पेशी निघून शरीरभर आधीच पसरलेल्या असतील, मग अवयव काढून अर्धवटच परिणाम दिसणार. म्हणून त्याने नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांचा बर्सा किंवा थायमस काढला आणि वर रेडिएशन दिलं, म्हणजे आधी पसरलेल्या पेशीही जातील. आणि मग चित्र लख्ख झालं. बर्सा काढलेल्या पिल्लांत अँटीबॉडी नाहीत, अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा सेल नाहीत, पण परकी कातडी झिडकारायची ताकद शाबूत. थायमस काढलेल्यांत लिम्फोसाइट कमी आणि कातडी झिडकारणं कमजोर. १९६५ मध्ये पीटरसन आणि गुड यांच्यासोबत त्याने हे नेचरमध्ये छापलं. मग मेलबर्नला मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी उंदरांत या दोन पेशी एकमेकींना मदत करतात हे दाखवलं, १९६९ मध्ये लंडनच्या आयव्हन रॉइट आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये त्यांना थायमसवरून टी आणि बर्सावरून बी म्हणायचं सुचवलं, आणि तेच चालू राहिलं.

राहिला काकांचा प्रश्न. माणसाला बर्सा नाही, कुठल्याच सस्तन प्राण्याला नाही. मग आपल्या बी सेल येतात कुठून? लोकांनी अपेंडिक्स बघितलं, टॉन्सिल बघितले, आतड्यातले लिम्फॉइड तुकडे बघितले. १९७४ च्या सुमारास कळलं की गर्भात यकृत आणि नंतर हाडांमधला मगज, बोन मॅरो, हे काम करतात. त्यातल्या ओवेन, कूपर आणि रॅफ यांच्या पेपरच्या नावातच बर्साला पर्याय असा उल्लेख आहे. योगायोगाने बोन मॅरोही बी वरूनच सुरू होतं, आणि खूप विद्यार्थ्यांना बी त्यावरूनच आलाय असं वाटतं. मी तरी वर्गात कोंबडीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

आता रकाने भरू.

इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात, तर जर्नलमध्ये मागच्या दोन वर्षांत जे छापलं गेलं त्याचा या वर्षी सरासरी किती वेळा उल्लेख झाला त्यावरून. ग्लिकच्या पेपरपासून पुढे जे घडलं त्यातलं पहिलं मोठं पाऊल १९५९ चं, दुसरं १९६२, तिसरं १९६५. म्हणजे या पेपरने जगाला जे दिलं त्यातलं जवळजवळ काहीच त्या दोन वर्षांच्या हिशोबात बसत नाही. आणि एच-इंडेक्स? हा होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढला, ज्याचे दहा पेपर प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेखले गेलेत त्याचा एच दहा. आता नीट बघा, यात एक पेपर, तो कितीही मोठा असू दे, हजार वेळा उल्लेखला जाऊ दे, एच मध्ये जास्तीत जास्त एकाची भर घालतो. अर्ध्या इम्युनॉलॉजीचा पाया घालणाऱ्या पेपरची किंमत एक.

आणि उल्लेखांची मोजणी तरी किती खरी? आज रोज जगभर बी सेलवर पेपर छापून येतात आणि त्यात ग्लिकचं नाव नसतं, कारण गरजच वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार आधी सांगून ठेवलंय की जी कल्पना सगळ्यांची होऊन जाते तिच्या मूळ लेखाचा उल्लेख थांबतो. म्हणजे प्रभाव एका हद्दीपलीकडे गेला की मोजणारं यंत्र तो मोजायचं थांबवतं. युजीन गारफिल्ड यांनी सायटेशन इंडेक्सची कल्पना १९५५ मध्ये मांडली, तेही त्याच सायन्समध्ये, ग्लिकच्या पेपरच्या फक्त एक वर्ष आधी. त्यांना हवं होतं की एखाद्या लेखाचं पुढे काय झालं, कुणी त्यावर टीका केली, कुणी पुढे नेला, हा धागा वाचणाऱ्याला धरता यावा. ही किती सुंदर कल्पना आहे! मी स्वतः वर लिहिलेली साखळी अशाच पद्धतीने एकेक दुवा धरत शोधलीय. आणि आपण त्या धाग्याचं काय केलं, तर तो मोजून माणसाचा दर ठरवायला लागलो.

आपल्याकडे तर २०१० पासून यूजीसीचे एपीआय पॉइंट, म्हणजे शिक्षकांच्या कामाला गुण, आले आणि पॉइंटसाठी जर्नलं उगवली, पैसे द्या आठवड्यात छापतो म्हणणारी. मग ती चाळायला केअर ही चांगल्या जर्नलांची यादी आली, तिचं काम पुण्यात आपल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातच चालायचं, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. मधल्या काळात कॉलेजमधल्या चांगल्या शिकवणाऱ्या माणसांचे हाल मी जवळून बघितलेत. ज्यांच्याकडे ना लॅब ना ग्रँट, त्यांनी काय मोजून दाखवायचं? मला त्यांचा राग कधीच आला नाही, ज्या व्यवस्थेने त्यांना असं धावायला लावलं तिचा आला.

ग्लिकच्या पेपरचा प्रभाव खरोखर कुठे बघायचा म्हणाल तर दोन जागा सांगते, दोन्ही आपल्याच महाराष्ट्रातल्या.

एक मुंबईची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली, देशातली पहिली कार-टी थेरपी. बी सेलचा कॅन्सर झालेल्या पेशंटच्या स्वतःच्या टी सेल काढायच्या, लॅबमध्ये त्यांना बी सेलवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. त्या जाऊन कॅन्सरच्या बी सेल मारतात, पण खूण तीच असल्यामुळे चांगल्या बी सेलही मरतात, आणि मग काही पेशंटना अँटीबॉडी कमी पडतात म्हणून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, द्यावं लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. बी सेल गेल्या, अँटीबॉडी गेल्या, माणूस तरी जगतोय आणि त्याच्या टी सेल लढतायत. हाच तो ओहायोचा पक्षी, हाच ब्रूटनचा मुलगा. फरक इतकाच की आता डॉक्टरांना आधीपासून माहीत असतं की काय कमी पडणार आहे आणि ते बाहेरून द्यायला तयार असतात.

दुसरी जागा आमच्या शेडची. गंबोरो हे अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या एका भागाचं नाव, तिथे हा रोग सापडला आणि कॉसग्रोव्ह यांनी १९६२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. व्हायरस बर्सातल्या कोवळ्या बी सेलवरच हल्ला करतो. जे पक्षी मरतात ते दिसतात, पण खरा धोका वाचलेल्यांचा, आणि हे ॲलन, फॅराघर आणि कलेन यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की लहानपणी गंबोरो होऊन गेलेल्या पक्ष्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस दिली तरी ती नीट लागत नाही. म्हणजे ग्लिकने जे चाकूने केलं ते व्हायरस करतो. १९५६ चा पेपर माहीत असेल तर हे कोडं किती पटकन सुटतं! आज आमच्याकडे बाराव्या-चौदाव्या दिवशी पिल्लांना आधी तहानेलं ठेवतात, मग पाण्यात दूध पावडर घालून, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनने लस मरायला नको, गंबोरोची लस देतात. मानमोडीची पहिली लस, लासोटा, आधी दिलेली असते, तिच्या बूस्टरच्या आधी बर्सा वाचला पाहिजे म्हणून ही धडपड. खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा, तो कारणासकट सांगेल. हे सायटेशन कुठल्या डेटाबेसमध्ये येणार?

आता परत त्या नकाराकडे येते, कारण लॅबमधल्या एका विद्यार्थिनीने मला सरळ विचारलं, "मॅडम, सायन्सवाल्यांचं चुकलं का?" मी बराच विचार केला आणि मला वाटतं त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबरच होता. हे घडतं कसं? पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मेलबर्न लागलं, विस्कॉन्सिन लागलं, लंडनचे उंदीर, मिनेसोटाची आजारी मुलं आणि रेडिएशनचं मशीन लागलं, नऊ वर्षं लागली. ओहायोतल्या पोल्ट्री डिपार्टमेंटमधल्या दोन विद्यार्थ्यांना ते एकट्याने कधी जमलं असतं? मेकॅनिझम सापडेपर्यंत थांबतो असं ग्लिक म्हणाला असता तर विस्कॉन्सिनच्या हातात काहीच पडलं नसतं. त्याने जे नक्की दिसलं ते नीट लिहिलं, जिथे घेतलं तिथे छापलं आणि पुढे अनेक वर्षं बर्सावरच काम करत राहिला, आधी मिसिसिपीत, नंतर क्लेमसनला. २०१९ मध्ये वैद्यकशास्त्रातला मोठा लास्कर पुरस्कार मिलर आणि कूपर यांना मिळाला, दोघांनाही तो मिळायलाच हवा होता. ग्लिक आणि चँग त्यात नव्हते.

हे सगळं मी एवढं तळमळीने लिहितेय कारण आमच्या लॅबमध्येही एक गोष्ट पडून आहे. पावसाळ्यात घेतलेल्या काही बॅचमध्ये मानमोडीच्या लसीनंतर टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचे आकडे, नेहमीपेक्षा कमी येत होते, पक्ष्यांत गंबोरोचं कुठलंही लक्षण नाही, मरतूक नाही. आमचा फील्ड असिस्टंट, पशुवैद्यकीय डिप्लोमा केलेला पोरगा, इतर कारणांनी मेलेले पक्षी उघडताना म्हणाला की बर्सा लहान वाटतायत. मग आम्ही वजनं घेतली, शरीराच्या वजनाशी प्रमाण काढलं, आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. कारण काय? लपून असलेला गंबोरो असेल, मक्याला बुरशी लागून आलेलं ॲफ्लाटॉक्सिन हे विष असेल, दुसरा एखादा व्हायरस असेल. आम्हाला अजून वेगळं करून दाखवता आलेलं नाही. एका मोठ्या जर्नलने मेकॅनिझम नाही म्हणून परत पाठवलं आणि गटातल्या काहींचं म्हणणं होतं की अजून दोन वर्षं काम करू, मग परत त्याच तोडीच्या ठिकाणी पाठवू, फाइलला तेच बरं दिसेल.

मागच्या महिन्यात आम्ही बसून ठरवलं की जे दिसलंय ते पोल्ट्रीच्या जर्नलला पाठवायचं, सगळ्या वजनांच्या आणि टायटरच्या आकड्यांसकट, कारण ज्यांच्याकडे खाद्य तपासायची सोय आहे किंवा ज्यांच्याकडे व्हायरस वेगळे करायची लॅब आहे ते लोक तिथेच वाचतात. या पावसाळ्यात कुणी तामिळनाडूत किंवा आंध्रात आपल्याकडचे बर्सा मोजून बघितले तरी आमच्यापेक्षा लवकर उत्तर निघेल. लेखकांच्या यादीत फील्ड असिस्टंटचं नाव दुसरं आहे. त्यावर थोडी चर्चा झाली, कारण त्याच्याकडे पीएचडी नाही, पण बर्सा लहान आहेत हे त्याला दिसलं होतं, आम्हाला नाही. ड्राफ्ट त्याच्याकडे वाचायला दिलाय आणि पक्ष्यांच्या वयाच्या एका नोंदीबद्दल त्याने शंका काढलीय, तेवढी तपासून झाली की पाठवतोय.